एकतीस तुकडे

मी प्रूफरीडर. बत्तीस वर्षं एकाच कचेरीत, एकाच खुर्चीत. थांबा, हे वाक्य झालं नाही. यात क्रियापद कुठे आहे? पुन्हा सांगतो. मी बत्तीस वर्षं एकाच कचेरीत, एकाच खुर्चीत बसून इंग्रजी मजकुरातल्या चुका काढतो आहे. हं, आता झालं.

आमच्या कचेरीत यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिका तयार होतात. कपडे धुण्याचं यंत्र, पाण्याचा पंप, रक्तदाब मोजायचं यंत्र, काहीही. यंत्र बनवणारे इंजिनियर मोडकंतोडकं इंग्रजी लिहून पाठवतात आणि आम्ही ते माणसांत आणतो. स्पेलिंगच्या चुका हल्ली कॉम्प्युटरच पकडतो, त्यात काही पराक्रम राहिला नाही. खरी मेख आहे ती तुकड्यांची. तुकडा म्हणजे जे वाक्यासारखं दिसतं, मोठ्या अक्षराने सुरू होतं, टिंब देऊन संपतं, पण वाक्य नसतं. 'आफ्टर रिमूव्हिंग द लिड.' झाकण काढल्यावर. बरं, काढलं झाकण. आता काय करू, नाचू? 'बिकॉज द वॉटर इज हॉट.' कारण पाणी गरम असतं. असेल बुवा, पण म्हणून मी काय करायचं ते कोण सांगणार? नवीन लागलेल्या पोरापोरींना मी एवढंच शिकवतो की ओळ मोठ्याने वाचा. ऐकणारा 'बरं, मग?' असं विचारणार असेल, तर तो तुकडा. करणारा कोण ते नसेल तर तुकडा. केलं काय ते नसेल तरी तुकडा. सापडला की धरायचा आणि धड करायचा.

माझ्या पाठीमागे ही पोरं मला 'पूर्णविराम' म्हणतात. त्यांना वाटतं मला माहीत नाही.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. प्रूफ तपासताना मी मजकूर शेवटाकडून वाचतो. शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या आधीचं, मग त्याच्याही आधीचं, असं करत वर. सरळ वाचलं की माणूस मजकुरात रमतो, पुढे काय याची उत्सुकता लागते, आणि चूक बाजूने हळूच निघून जाते. उलटं वाचलं की प्रत्येक वाक्य एकटं पडतं आणि त्याचं सगळं दुखणं दिसतं. मजकूर कशाबद्दल आहे ते अशाने कळत नाही, पण पंपाच्या पुस्तिकेत कळायचं तरी काय असतं?

दुसरी रीत माझी स्वतःची. मी वही ठेवतो. डाव्या पानावर सापडलेले तुकडे जसेच्या तसे, एकाखाली एक, नंबर घालून. उजव्या पानावर त्याच मजकुरातलं एक ठणठणीत वाक्य, वर 'नमुना' असं लिहून. शिकणाऱ्याला चूकही दिसावी आणि बरोबर कसं असतं तेही दिसावं. अशा एकोणीस वह्या भरल्या आहेत. आमची ही म्हणते, "लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. तुम्ही बसा लोकांच्या चुका जमवत."

ही म्हणजे माझी बायको. चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. लोकांच्या नाकावर चष्मा नीट बसवून देणं, सैल झालेल्या दांड्या आवळणं, हे तिचं काम. पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, पण बोटाएवढा स्क्रू-ड्रायव्हर असतोच. बोलते कमी, पण बोलते तेव्हा नेमका स्क्रू आवळते.

आम्हाला मुलं दोन. धाकटी एकवीस वर्षांची, वाचनालयात अर्धवेळ काम करते आणि अखंड लिहीत असते. थोरला तिच्याहून चार वर्षांनी मोठा. तो तीन वर्षांपूर्वी घर सोडून गेला. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष अर्ध्यात टाकून त्याने एका सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं होतं, आणि ते आम्हाला तीन महिने सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी रागावलो की इंग्रजीत बोलतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दारात उभं राहून मी एकच वाक्य बोललो. तासाभराने तो बॅगा भरून निघून गेला. त्यानंतर माझ्यासमोर त्याचं नाव कुणी काढलेलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

खोटं कशाला बोलू? रोज विचारावंसं वाटायचं. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा मी.

तर गेल्या शनिवारची गोष्ट. धाकटीला दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत लेखनाच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करायचा होता. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, जागा बारा, आणि निवड फक्त एका निबंधावरून. निबंध इंग्रजीत, विषय 'घरातली एक खोली', आणि पाठवायची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पोरगी तीन आठवडे त्यावर बसली होती. मला वाटत होतं की तिने जावं. आणि मला भीतीही वाटत होती की जाईल. एक जण या दारातून गेला तो परत आला नाही. ही जाणार असेल तर हसून जावी, फोन करत राहावी, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी सकाळी नऊला वाचनालयात निघताना ती बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, निबंध कॉम्प्युटरवर आहे. फक्त स्पेलिंग बघाल? दुसरं काही नका करू हं."

"बरं," मी म्हटलं.

"बरं नाही. 'दुसरं काही करणार नाही' असं म्हणा."

"अगं, जा. उशीर होतोय तुला."

मी ते वाक्य म्हटलं नाही, हे तिच्याही लक्षात आलं असणार. पण उशीर खरंच झाला होता.

आमचा घरचा कॉम्प्युटर जुना आहे, कचेरीने टाकून दिलेला. मी चहा घेऊन बसलो, फाईल उघडली आणि सवयीने थेट शेवटच्या ओळीवर गेलो. आणि काय सांगू! शेवटची ओळच तुकडा. त्याच्या वरची, तुकडा. त्याच्या वरचीही तुकडाच. माझ्या पोटच्या पोरीने, बत्तीस वर्षं तुकडे धरणाऱ्याच्या पोरीने, बारा जागांच्या निवडीसाठी असलं लिहावं? परीक्षकाने पहिला परिच्छेद बघूनच कागद बाजूला टाकला असता. 'स्पेलिंग फक्त' म्हणे. आग लागलेल्या घरात शिरून फक्त पडदे सरळ करायचे, असं झालं असतं ते.

मी कामाला लागलो. वही काढली. डाव्या पानावर तुकडा लिहायचा, स्क्रीनवर त्याला कर्ता आणि क्रियापद द्यायचं, मग एक ओळ वर सरकायचं. सोपं काम होतं. बहुतेक ठिकाणी 'देअर वॉज' नाहीतर 'देअर वर' लावलं की भागत होतं. 'दोन बॅगा' असं असेल तर 'तिथे दोन बॅगा होत्या'. 'पलंगाखाली तेलाचा वास' असेल तर 'पलंगाखाली तेलाचा वास होता'. बारा वाजेपर्यंत एकतीस तुकडे सापडले आणि एकतीसच्या एकतीस मी धड करून टाकले. नमुन्याला धड वाक्य शोधायला मात्र जड गेलं. शेवटी मधे कुठेतरी एक मिळालं, कर्ता, क्रियापद, गौण वाक्य, सगळं जागच्या जागी. ते उजव्या पानावर उतरवलं, त्याच्याखाली रेघ मारली आणि मनात म्हटलं, पोरीला येतं, पण करत नाही.

फाईल सेव्ह केली, बंद केली, कॉम्प्युटर बंद केला. आपण कुणावर तरी मोठे उपकार केले असं वाटून मी जरा डुलकीही काढली.

एक वाजता धाकटी आली. तिच्या मागोमाग हीसुद्धा आली, शनिवारी तिचं दुकान अर्धा दिवस असतं. धाकटी बूट न काढताच कॉम्प्युटरपाशी बसली. मी कौतुक ऐकायला खुर्ची जरा जवळ ओढली. ती वाचत गेली. पहिल्यांदा भुवया वर गेल्या, मग ओठ घट्ट मिटले. दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत तिचे कान लाल झाले होते.

"बाबा, हे काय आहे?"

"एकतीस होते," मी म्हटलं. "मोजले मी. बरं झालं मी बघितलं ते."

"मी काय सांगितलं होतं जाताना?"

"स्पेलिंग बरोबर होतं सगळं. पण अगं, ते तुकडे..."

"मी मुद्दाम लिहिले होते!"

"मुद्दाम चूक कोण करतं?"

"चूक नाहीये ती!" तिचा आवाज चिरकला. "ही काय खोली आहे? हा पंचनामा आहे! तिथे एक टेबल होतं. तिथे एक खिडकी होती. तिथे दोन बॅगा होत्या. पोलीस येऊन गेल्यासारखं वाटतंय!"

मी म्हटलं, "बरं, बरं, एवढं काय त्यात? आधीचं होतं तसं कर मग."

"कुठून करू? सेव्ह केलंत तुम्ही त्याच्यावर. कच्चे कागद मी टाइप झाल्यावर फाडून टाकले. घरात कागदांचा पसारा नको, असं कोण ओरडत असतं?"

ती उठली. "मी नाही पाठवत," म्हणाली, "आणि जायचं ते मी जाईनच. कुठेही जाईन." खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. थोरल्यानेही त्या संध्याकाळी असंच लावलं होतं.

ही हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय केलंत?"

"सुधारलं."

ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि सावकाश वाचू लागली. हिचं इंग्रजी काचांच्या डब्यांवरचं वाचण्यापुरतं, पण माझ्यासारखी ती खालून वर वाचत नाही. वरून खाली वाचलं तिने, चांगली दहा मिनिटं. मग चष्मा काढून हातात धरला.

"अहो, ही कुठली खोली आहे, कळलं का तुम्हाला?"

"कुठली? अडगळीची असेल. तेलाचा वास, बॅगा..."

"थोरल्याची खोली आहे."

मी स्क्रीनकडे बघितलं.

"तीन तास बसलात यावर," ही म्हणाली, "आणि तुम्हाला हे कळलं नाही?"

कसं कळणार? मी वाचलंच कुठे होतं? बघितलं होतं फक्त. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती आपल्यासाठी आहे असं कधी वाटलं नव्हतं.

"एक मुलगा घालवलात," ही म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "आता हिच्याशी तरी नीट वागा. पाच वाजायला साडेतीन तास आहेत."

साडेतीन तासांत तीन आठवड्यांचं काम पुन्हा कसं व्हायचं? मी डोकं धरून बसलो. आणि समोर टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, माझी विसावी वही उघडी पडली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकतीसच्या एकतीस तुकडे, तिच्या शब्दांत, टिंबासकट, माझ्या अक्षरात तिथे होते.

मी वही घेऊन तिच्या दारावर टकटक केली. मी दाराशी तोंड नेऊन म्हटलं, "माझ्याकडे आहेत. सगळे. लिहून ठेवले आहेत मी."

मग आतून आवाज आला, "चुकांच्या वहीत?"

"हो."

दार उघडलं. डोळे सुजले होते, पण कपाळाला आठी घालून ती वही बघत होती. "एकतीस?"

"एकतीस."

"एक कमी निघाला ना, तर बघा," ती म्हणाली आणि कॉम्प्युटरपाशी जाऊन बसली.

काम असं चाललं. मी उलटं वाचल्यामुळे माझ्या वहीतला पहिला तुकडा म्हणजे तिची शेवटची ओळ, आणि एकतिसावा म्हणजे अगदी सुरुवात. त्यामुळे आता मी पानाच्या तळापासून वर वाचत गेलो, ती माझं 'देअर वॉज' खोडून मूळ शब्द घालत गेली. अशा रीतीने, त्या दुपारी पहिल्यांदाच, मी माझ्या मुलीचा निबंध सुरुवातीपासून वाचला. मराठीत सांगतो, कारण मला तो आता मराठीतच आठवतो.

एकतीस. "एक खोली, दार नेहमी अर्धं उघडं."

तीस. "पलंगाखाली तेलाचा वास."

एकोणतीस. "आईने तीनदा धुतलेली चादर. तरी तो वास."

"हे दोन तुकडे आहेत," धाकटी टाइप करता करता म्हणाली.

"एकत्र धरले होते मी."

"म्हणजे बत्तीस झाले."

"बरं, बत्तीस," मी मुकाट्याने कबूल केलं. ही मागे उभी होती, ती फस्सकन हसली.

मग टेबल आलं. टेबलावर इंजिनियरिंगची पुस्तकं, एका पुस्तकात खूण म्हणून घातलेली सायकलच्या चाकाची तार. 'पान एकशे चार. त्यापुढे कधीच नाही.' मग ती संध्याकाळ. 'दोन बॅगा. एक माझी, मागून घेतलेली.' म्हणजे धाकटीने त्याला स्वतःची बॅग दिली होती. हे मला तीन वर्षांत माहीत नव्हतं. 'आई स्वयंपाकघरात, नळ सोडून. भांडी नसताना.' मी ते वाचलं आणि मागे बघायचं धाडस झालं नाही. ही माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, तो हात हलला नाही.

'आणि बाबा, दारात.'

हा सोळावा होता. मी वाचला आणि पुढचा, पंधरावा वाचायला गेलो, तर धाकटी म्हणाली, "थांबा. मधे एक वाक्य आहे. ते तुम्ही बदललं नाहीत."

"कुठलं?"

तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. "देअर इज नो प्लेस इन धिस हाउस फॉर अ मॅन हू लीव्हज थिंग्ज हाफ डन." अर्धवट कामं करणाऱ्या माणसाला या घरात जागा नाही.

माझं वाक्य. मी थोरल्याला बोललो होतो ते, शब्दाला शब्द. सबंध निबंधात तिने एकच धड वाक्य लिहिलं होतं, आणि ते माझं होतं. बाकी सगळे बोलता बोलता थांबलेले. तो, ती, ही, पलंग, बॅगा, सगळे. एकट्या माझ्या तोंडी कर्ता होता, क्रियापद होतं, शेवटी टिंब होतं.

मी वहीचं उजवं पान बघितलं. तेच वाक्य. माझ्या हाताने, माझ्या वळणदार अक्षरात. वर 'नमुना', आणि खाली रेघ. सकाळी मी ते उतरवून घेतलं होतं आणि मला ओळखसुद्धा पटली नव्हती. पोरीला येतं, असं म्हणालो होतो मी. मला इतकी लाज वाटली की वाटलं वही उचलून खिडकीबाहेर फेकावी.

धाकटीनेही पान बघितलं. तिला 'नमुना' म्हणजे काय ते ठाऊक होतं. ती माझ्यावर आता चिडेल असं मला वाटलं, पण तिने नुसतं विचारलं, "बाबा, पाणी देऊ?"

"नको. पुढे चल."

"वाचता ना?"

"वाचतो."

मी उरलेले पंधरा वाचले. शेवटी एक नंबर राहिला, निबंधाची शेवटची ओळ, ज्याच्यावर सकाळी माझी पहिली नजर पडली होती आणि मी कपाळाला हात लावला होता. 'खिडकीतून रस्ता. रस्त्यावर सायकली. त्यांतली कुठलीही.'

"हे तर तीन आहेत," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली, आणि हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलं हसू ते.

"काहीच बदलायचं नाही?"

"तुम्ही सांगा."

मी खरंच विचार केला. बत्तीस वर्षांचं सगळं पणाला लावून केला. 'त्यांतली कुठलीही' याच्यापुढे काय घालणार? त्यांतली कुठलीही त्याची असू शकेल? घातलं असतं तर ओळ मेली असती. "नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे ते."

चार वाजून वीस मिनिटांनी निबंध गेला. जागा मिळेल की नाही ते महिन्याने कळणार आहे. धाकटीने उठून बूट काढले, सकाळपासून पायातच होते, आणि पाय टेबलावर टाकले. मी तिला काही बोललो नाही.

मग मी विचारलं, "त्याचा नंबर आहे का कुणाकडे?"

या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या बघण्यातच मला सगळं कळलं.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"दर गुरुवारी येतो माझ्या दुकानात," ही म्हणाली. "दुपारी, तुम्ही कचेरीत असता तेव्हा. सायकलचं ते दुकान आता निम्मं त्याचं आहे. शर्यतीच्या सायकलींची चाकं बांधतो, लांबून लांबून लोक येतात. चष्मा लागलाय त्याला. मीच दिला करून."

चष्मा लागला! माझ्या मुलाला चष्मा लागला आणि मला पत्ता नाही. राग आला, खरं सांगतो. तोंडाशी इंग्रजी आलंसुद्धा. मग वाटलं, या दोघींनी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? एखादं आणखी धड वाक्य बोललो असतो. मी राग गिळला आणि एक कोरा कागद घेतला.

फोनवर मला सुचत नाही, म्हणून मी आधी लिहून काढलं. मराठीत लिहिलं, कारण इंग्रजीत मी रागावतो. तीन वाक्यं. खोडलं, पुन्हा लिहिलं. 'मला असं वाटतं की' काढून टाकलं, मुळात गरजच नव्हती त्याची. पाचव्या खेपेला जमलं. धाकटीने नंबर लावून फोन माझ्या हातात दिला आणि दोघी आत निघून गेल्या. म्हणजे दाराआड उभ्या राहिल्या.

"बोल गं," पलीकडून आवाज आला. मागे कुठेतरी चाक फिरत होतं.

"मी बोलतोय," मी म्हटलं.

चाकाचा आवाज थांबला. तेव्हा मी कागद समोर धरला आणि वाचलं. "तीन वर्षांपूर्वी मी तुला जे बोललो, ते चुकीचं होतं. तू चाकं फार चांगली बांधतोस असं मला आज कळलं, आणि ते मी स्वतः येऊन बघायला हवं होतं. तू घरी यावंस अशी माझी फार इच्छा आहे."

मग तो म्हणाला, "बाबा, कागदावरून वाचताय ना?"

"हो."

"किती वेळा खोडलंत?"

"चार."

तो हसला की काय केलं ते मला समजलं नाही, श्वासासारखं काहीतरी ऐकू आलं. मग लहान असताना गोष्ट संपली की म्हणायचा तशा आवाजात तो म्हणाला, "परत वाचा."

मी परत वाचायला लागलो. पहिलं वाक्य झालं. दुसरं अर्ध्यापर्यंत नीट गेलं. तिसरं मला वाचता आलं नाही. 'तू घरी' एवढंच झालं आणि पुढची अक्षरं दिसेनाशी झाली.

"असू दे, बाबा," थोरला म्हणाला. "कळलं मला. उद्या सकाळी येतो."